मान खाली, भावसाब

लहानूबाबा मला चोर वाटला तो पहिल्याच भेटीत, आणि तेही त्याने काहीही केलेलं नसताना. खरं तर तो काहीही करत नव्हता म्हणूनच वाटला. जव्हारच्या माळावर एका खडकाशी उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडीत कोयता लटकवलेला. मी समोर जाऊन उभा राहिलो, खाकरलो, शेवटी माझा हुद्दा सांगितला. त्याने मान वर न करता विचारलं, "तू नवा भावसाब का?"

मी मोखाड्याच्या कचेरीतून नुकताच बदलून आलेला कारकून, म्हणजे इकडच्या बोलीत भावसाब. तिकडे पोशेऱ्यासारख्या गावी गेलं की जमीन एक तर वर जायची नाहीतर खाली. लिंबू ठेवलं तर ते ओढ्यात जाऊन थांबायचं. त्यामुळे जव्हारचा सपाट माळ बघून मला बरं वाटलं होतं. पण या 'तू'ने बरं वाटणं संपलं. पुढे कळलं की त्याच्या घरच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात; देवाला, बैलाला आणि प्रांतसाहेबांनाही. पण त्या दिवशी मी मनात नोंद केली: उद्धट आहे, नजर चुकवतो, नक्की काहीतरी लपवतो.

आता माझी बाजूही सांगतो. संस्थान विलीन होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि त्या दिवसांत हवाच तशी होती. जुन्या माणसांना वाटायचं, आम्ही सगळं न्यायला आलोय. आम्हाला वाटायचं, यांनी सगळं आधीच नेलंय. कचेरीत खुर्चीचा एक पाय डुगडुगला तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो.

माळावर सहा खड्ड्यांचं एक गोल्फचं मैदान होतं. संस्थानात पाहुणे यायचे तेव्हा त्यांच्यासाठी कधीतरी केलेलं. हिरवळ नावाला नव्हती. प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचा एक गोल होता, त्यात मोटारीचं जळकं तेल मिसळून ती दाबून बसवलेली. त्याला 'ब्राउन' म्हणत. मधोमध जमिनीत पुरलेला पत्र्याचा डबा. या सगळ्याची निगा लहानूबाबा राखत असे. मैदानाच्या कडेला त्याची कुडाची झोपडी होती, तिथेच त्याची बायको गेली होती, तिथेच तो राहत होता. लोक गेले, मोटारी गेल्या, हा मात्र रोज सकाळी गोणपाट ओढून वाळू सारखी करत होता. का, असं कुणी विचारलं तर म्हणे, "वाळू हाय ना."

आमचे प्रांतसाहेब देवळालीकडे राहून गोल्फ शिकलेले. मैदान आहे म्हटल्यावर ते हरखले, पण खेळायला जोडीदार नव्हता. मामलेदारांना दमा होता, डॉक्टरांना डोकं होतं. उरलो मी. "सोवनी, तुम्ही शिका. लहानूकडून शिका, त्याने भल्याभल्यांना बघितलंय," साहेब म्हणाले. मी होकार दिला तो खेळाच्या ओढीने नव्हे. साहेबांबरोबर संध्याकाळी तास-दीड तास चालणारा कारकून बाकीच्या कारकुनांपेक्षा दीड वीत उंच दिसतो, एवढाच त्यात भाग.

शिकवण्याची त्याची रीत अशी की मला आठ दिवस काठीच हातात दिली नाही. पहिल्या दिवशी सहाही खड्डे नुसते चालवले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, "बाबा, मला चालता येतं."

"येतं ना. पन तू पुढल्या खड्ड्याकडे बघून चालतो. मधली जमीन कोन बघल?"

चौथ्या दिवशी त्याने गवताची मूठभर पाती उपटली, माझ्या हातात दिली आणि वाकून एकेक रोप लावल्यासारखं लाव म्हणाला. भाताची आवणी! मी, मॅट्रिक पास, धोतराचा काचा मारून कोरड्या माळावर गवताची आवणी करत होतो आणि रस्त्याने जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी कोण हसतंय ते बघायला मान वर केली.

"बघ," तो म्हणाला. "आवणीत मान वर केली का रोप वाकडं जातं. शेत किती उरलं, कोन पुढं गेलं, कोन हसलं, हे बांधावर येऊन बघायचं. मान खाली, भावसाब."

हे ठीक होतं. मला संशय एवढाच आला की बायांना त्यानेच बोलावलं असावं.

नवव्या दिवशी काठी मिळाली. मी अशा आवेशाने घुमवली की चेंडू जागच्या जागी राहिला आणि ढेकूळ उडून साहेबांच्या चहात पडलं. साहेबांनी कप शांतपणे बाजूला ठेवला. लहानूबाबाने डोक्याच्या फडक्यात एक काडी खोचली. ही त्याची मोजण्याची पद्धत. प्रत्येक फटक्याला एक काडी. खड्डा संपला की तो डब्याशेजारी काड्या मांडून ठेवायचा, तोंडाने आकडा बोलायचा नाही. मी म्हणायचो, "पाच झाले बहुतेक." जमिनीवर आठ काड्या असायच्या. मी काड्यांकडे बघायचो, तो ढगांकडे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खड्ड्यांच्या मध्ये एक काळा दगड होता. फटका चुकून मी काठी आपटली की तो ती माझ्या हातातून काढून घ्यायचा आणि दगडाकडे बोट दाखवायचा. तिथे बसायचं. तो पाठ फिरवून थोड्या अंतरावर बसायचा. बऱ्याच वेळाने विचारायचा, "उतरला का राग?"

"उतरला."

"खोटा. बस अजून."

"बाबा, साहेब पुढे गेले."

"जाऊ दे. राग घेऊन मारला तर चेंडू रागाच्या गावाला जातो, खड्ड्याकडे नाय जात."

मागे डोळे नसताना याला माझा राग कसा दिसतो, हेही मला संशयास्पदच वाटायचं.

हळूहळू मला थोडंफार येऊ लागलं होतं, तेवढ्यात चेंडू नाहीसे व्हायला लागले. दर खेपेला एक तरी जायचाच. साहेब ते मुंबईहून मागवत. कारवीच्या झुडपात, गवतात गेलेला चेंडू शोधायला लहानूबाबा आत शिरायचा आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचा. चेहरा तसाच. चौदा चेंडू गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं.

"सोवनी, वरून विचारणा आलीय. माळावर राहणारा तो इसम कोण? राखणदार म्हणून त्याला कायम करायचं, की झोपडी हलवायची? पावसाआधी मला लिहायचंय. मला माणूस बरा वाटतो. पण हे चेंडू... तुम्ही जरा लक्ष ठेवा आणि लिहून द्या. तुमच्या कागदावर ठरवू."

माझ्या कागदावर! माझ्या कागदावर आजवर शिपायाची किरकोळ रजा ठरली होती. मी छाती फुगवून बाहेर पडलो, आणि त्या दिवसापासून माझा खेळ बसला. काठी उचलली की माझा एक डोळा चेंडूवर आणि दुसरा लहानूबाबाच्या हातावर. फटका बसायच्या आत मान वर. चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर मागे. साहेब म्हणाले, "सोवनी, परवापर्यंत तर बरं चाललं होतं."

लहानूबाबा जवळ येऊन हळूच म्हणाला, "तू चेंडवाला नाय बघत. तू मला बघतो. मी का चेंडू हाय?"

मी घाईघाईने चेंडू पुन्हा मांडला. पण संशयी माणसाचं एक असतं. पकडला गेला की त्याचा संशय आणखी पक्का होतो. याला कळलं कसं? म्हणजे याच्या मनात काहीतरी आहेच.

मग मी सापळा रचला. कचेरीतली जांभळी कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून मी खेळायच्या चेंडूवर तीन ठिपके काढले. पुसले न जाणारे. शनिवारी संध्याकाळी ऐटीत माळावर गेलो. लहानूबाबाने एकदाच माझ्याकडे बघितलं.

"भावसाब, तुझी जीभ जांभळी झाली."

"जांभळं खाल्ली," मी म्हटलं.

"आत्ता? मोहाला फुलं हायेत आजून. जांभूळ कुठं पिकलं, सांग मला पन."

त्याच शनिवारी तिसऱ्या खड्ड्यावर माझा ठिपक्यांचा चेंडू ओहळापलीकडच्या कारवीत गेला. साहेब पुढे होते. लहानूबाबा झुडपात शिरला. मी एकटाच होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. साहेबांनी राखीव म्हणून दिलेला दुसरा चेंडू माझ्या खिशात होता. मी ब्राउनच्या कडेला वाकलो, तो हळूच वाळूवर ठेवला आणि ओरडलो, "सापडला, साहेब! इथेच आहे!" मग मान खाली घालून, जन्मात पहिल्यांदा खरोखर मान खाली घालून, दहा पावलांवरून चेंडू ढकलला. तो गडगडत गेला आणि डब्यात टण्णकन पडला. चार फटके! साहेबांनी माझी पाठ थोपटली. "शाबास सोवनी, तिसऱ्यावर चार म्हणजे देवळालीलासुद्धा टाळ्या!"

लहानूबाबा झुडपातून रिकाम्या हाताने आला. वाळूकडे थोडा वेळ बघत राहिला. मग डब्यापाशी बसून चार काड्या मांडल्या. पाचवी फडक्यातून काढली, बोटांत फिरवली आणि दातांत धरली; सहावी फडक्यातच राहिली. नंतर गोणपाट घेऊन त्याने ब्राउन सारखा केला, जिथे मी वाकलो होतो तिथून सुरुवात करून.

मी हे सगळं बघितलं. पण मला वाटलं, दात कोरतोय.

सोमवारी कचेरीला सुट्टी होती. लहानूबाबा सकाळीच जामसरला आपल्या पुतणीकडे निघाला, आणि त्याच्यामागे शंभर पावलांवर मी. दोन तास चाललो. जामसरला पोचल्यावर तो मोहाच्या झाडाखाली बांबूच्या कांबट्या सोलत बसला. मी वळसा घालून मागच्या दाराने घरापाशी गेलो आणि पाणी मागितलं. पुतणी, तिचं नाव बुधी, तांब्या आणायला आत गेली. मागच्या ओसरीत भिंतीला टांगलेल्या डालग्यात एक कोंबडी बसली होती. ती जरा हलली आणि तिच्याखाली मला अंड्यांमध्ये एक वेगळंच अंडं दिसलं. त्यावर तीन जांभळे ठिपके.

मी हात घातला. कोंबडीने मनगटाचा लचका तोडला. मी चेंडू समजून आधी एक अंडं खिशात घातलं, मग चेंडू काढला, तेवढ्यात बुधी तांब्या घेऊन बाहेर.

"आरं, आरं! कोंबडीखालचं काय काढतो? भावसाब हायेस का मुंगूस?"

"हा सरकारी चेंडू आहे!"

"कसला चेंडू? माळावर गवत कापताना मिळाला. कोंबडीपुढं एक अंडं ठेवावं लागतं, नाय तर ती दुसऱ्याच्या घरात जाऊन घालती. खरं ठेवलं तर सडतं. हे सडत नाय, फुटत नाय, सापाला गिळवत नाय. साऱ्या गावात हायेत. बघ शेजारी."

शेजारी दोन होते. त्यापलीकडे तीन. साहेबांचे मुंबईचे चेंडू जामसरच्या कोंबड्या मोठ्या मायेने उबवत होत्या.

बाहेर आलो तर लहानूबाबा मान खाली घालून कांबटी सोलत होता. "पानी प्यालास?"

"प्यालो."

"सदऱ्याला हळद लागली तुझ्या. लगीन हाय का?"

खिशातलं अंडं फुटून पिवळा ओघळ गुडघ्यापर्यंत गेला होता.

समंजस माणसाने त्या क्षणी हसून सोडून दिलं असतं. बुधीने खरं ते सांगितलंच होतं. पण तिचं खरं कशावरून? पुतणी ती त्याचीच. झुडपात शिरतो हा, हाताला काही लागत नाही, आणि दोन दिवसांनी चेंडू याच्याच माणसांच्या डालग्यात! मी परत येऊन सुरेख अक्षरात दीड पान लिहिलं. 'शनिवारी तिसऱ्या खड्ड्यावर गहाळ झालेला, मी स्वहस्ते खूण केलेला चेंडू सदर इसमाच्या नातलगाच्या घरी मिळून आला. सबब सदर इसम विश्वासार्ह नाही.' 'सबब' लिहिताना मला फार बरं वाटलं.

साहेबांनी चौकशी माळावरच घ्यायची ठरवली. सकाळी आम्ही तिघे तिसऱ्या खड्ड्यापाशी उभे होतो. पलीकडे ती झोपडी दिसत होती, दारात वाळत टाकलेलं एक घोंगडं. साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. "शनिवारी... तिसऱ्या खड्ड्यावर... गहाळ..." आणि थांबले. त्यांनी चेंडूवरचे ठिपके बघितले. मग माझ्याकडे.

"सोवनी, शनिवारी तिसऱ्यावर तुम्ही चारात संपवलंत ना?"

मला आत्ता कळलं की सापळ्यात पाय कुणाचा आहे. चेंडू जर शनिवारी तिसऱ्यावर गहाळ झाला, तर मी डब्यात घातला तो कुठला?

"लहानू," साहेब म्हणाले, "तू होतास इथे. काय झालं होतं? नीट सांग. तुझ्या घराचा प्रश्न आहे हा."

दोन शब्द बोलला असता तरी झोपडी वाचत होती आणि मी बुडत होतो. तो उकिडवा बसला. वाळूत बोटाने एक रेघ ओढली, पुसली. मग म्हणाला, "मला नाय ठाव. मी खाली बघत होतो."

साहेब वाट बघत राहिले. मीही. वाळू अगदी सपाट होती, तिच्यात कुणाचंच पाऊल नव्हतं. मला वाटलं, नाही बोलत तर नाही, आपणही गप्प बसावं. कागद आपला, अक्षर आपलं. मग माझं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं. रोजच्यासारखीच खाली वाकलेली, पण आज मानेवरची शीर उडत होती. हा माणूस घाबरलेला मी कधी बघितलाच नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "तो दुसरा चेंडू होता. मी खिशातून काढून ठेवला. फटके पाच होते. नाही, खरं तर सहा."

"सा," लहानूबाबा खालूनच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आकडा तोंडाने बोलून दाखवला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझं दीड पान चार घड्या करून माझ्या हातात ठेवलं. "आता दुसरा कागद लिहा. मी सांगतो तसा." खडकावर बसून, त्याच जांभळ्या पेन्सिलीने मी मसुदा लिहिला: 'सदर इसम अनेक वर्षांपासून माळाची राखण प्रामाणिकपणे करीत असून त्यास त्याच जागी कायम ठेवावे.' 'प्रामाणिकपणे' साहेबांनी दोनदा वाचून दाखवायला लावलं. कोंबड्यांखालचे चेंडू कोंबड्यांकडेच राहू द्यावेत, असंही ठरलं. साहेबांना म्हणे अंड्यांची आवड होती. आणि तो सगळा हंगाम माझ्या खांद्यावर साहेबांची काठ्यांची पिशवी राहिली.

त्या सकाळी परत निघताना लहानूबाबाने माझ्या हातात काठी दिली. "आता मार एक."

मी मारला. कुणावर नजर ठेवायची नव्हती, कुणापासून काही लपवायचं नव्हतं. काठीचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मान खालीच ठेवून मी विचारलं, "कुठे गेला?"

"सरळ."

"खरंच?"

"बघ, परत," तो म्हणाला आणि दगडाकडे बोट दाखवलं.

पुढे पाच-सहा वर्षं मी जव्हारला होतो. साहेब बदलून गेले, दुसरे आले, त्यांना पत्ते आवडायचे. माळावर गवत वाढलं. लहानूबाबा तरीही गोणपाट ओढायचा. त्याला काठी मारताना मी कधीच बघितलं नाही. एक गोष्ट मात्र मी त्याला कधी विचारली नाही आणि ती मला अजून सोडत नाही. माझी जांभळी जीभ त्याने शनिवारीच बघितली होती. म्हणजे खुणेचा चेंडू कोणता, हे त्याला ठाऊक होतं. मग माळावर गेलेल्या इतक्या चेंडूंपैकी नेमका तोच चेंडू, नेमका त्याच्याच पुतणीच्या, ओसरीतून दिसेल अशाच डालग्यात कसा? आणि शंभर पावलांवरून मी मागे येतोय, हे दोन तास त्याला कळलंच नाही? तो मला जामसरला घेऊन तर गेला नव्हता? पण मग स्वतःचं घर पणाला लावून?

माझी बदली झाली तेव्हा एस.टी. माळाच्या कडेने गेली. सकाळचं ऊन होतं. खिडकीतून बघतो तर लहानूबाबा पहिल्या खड्ड्यापाशी एकटाच उभा. हातात बांबूचा दांडा, खालचं टोक कोयत्याने तासून वळवलेलं. पायाशी एक पांढरा ठिपका. त्याने दांडा उचलला, अगदी हळू, आणि सोडला. चेंडू उठला, माझ्या गाडीच्या वरून गेला की काय असं वाटलं, आणि लांब, जिथे जामसरच्या बाया गवत कापत होत्या तिकडे जाऊन उतरला.

तो मान खाली घालून तसाच उभा. चेंडू कुठे गेला, गाडीत कोण आहे, काही म्हणून बघितलं नाही. मी खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर आलो. आता बघेल, आता मान वर करेल.

"ओ पाव्हणं," मागून कंडक्टर ओरडला, "मान आत घ्या!"